मायची लोखंडी सवत

आमची खोली क्लबाच्या मैदानामागे, कुंपणाच्या भिंतीला पाठ लावून होती. एकच खोली. पुढे पत्र्याचं छप्पर, छपराखाली चूल आणि चुलीपासून दोन पावलांवर नळ. त्या नळाचं मायला इतकं कौतुक होतं की गावाकडून कोणी आलं तर पाणी प्यायला देण्याआधी ती त्याला नळ सोडून दाखवायची. पारशिवनीकडच्या आमच्या गावात तिने लग्न झाल्यापासून विहिरीचं पाणी शेंदलं होतं. तिथला दोर हाताला लागून तिच्या तळव्यांना घट्टे पडले होते आणि ते नागपुरात येऊनही गेले नाहीत. "मी मेली तरी त्या विहिरीवर जात नाई," असं ती महिन्यातून दोनदा तरी म्हणायची. बाबा म्हणायचे, "मेल्यावर तुले कोन पाणी भराले लावते?" यावर ती बाबांच्या ताटात भाकरी जरा जोरात टाकायची. आमच्याकडे भांडण म्हणजे एवढंच.

बाबा मैदानाचं गवत कापायचे. मैदान साहेब लोकांच्या क्रिकेटचं, सिव्हिल लाइन्सच्या बाजूला. पूर्वी गवत कापायचं यंत्र बैल ओढायचा. बैलाचे खूर मैदानात रुतू नयेत म्हणून त्याच्या चारी पायांत चामड्याचे बूट घालावे लागत, आणि ते घालणं-काढणं हे बाबांचं काम. शाळेत पोरी विचारायच्या, "तुहे बाबा काय करते वं गिरजे?" मी सांगायची, "बैलाले बूट घालते." कोणाला खरं वाटायचं नाही. बाबा स्वतः टायरच्या चपलेत फिरायचे. बूट बैलाला होते.

मग ते मशीन आलं. कुठल्याशा कारखान्यातला गोरा इंजिनियर आपल्या देशी परत चालला होता, त्याच्या बंगल्यातलं ते मशीन सेक्रेटरी साहेबांनी क्लबासाठी घेतलं. बसून चालवायचं मशीन. समोर इंजिन, पोटाखाली गवत कापायचं पातं, मागे लोखंडी बैठक. लहानशा ट्रॅक्टरसारखंच, पण शेतात नांगरायला नेलं असतं तर लोक हसून मेले असते. बैल बाजारात गेला. साहेबांच्या ड्रायव्हरने बाबांना दोन दिवसांत मशीन शिकवलं आणि बाबा माळ्याचे मशीनवाले झाले. ही खोली त्या मशीनवाल्याची. मशीन आहे तोवर मशीनवाला आणि मशीनवाला आहे तोवर खोली, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माय तेव्हा दाराआड उभी होती. तिने त्यातलं एवढंच ऐकलं की मशीन आहे तोवर नळ आहे.

सकाळी मी जागी व्हायची ती मशीनच्या आवाजाने. बाबांनी किल्ली फिरवली की आधी इंजिनाला फिरवून जागं करणारा सेल्फ कुंईकुंई करायचा, मग इंजिन एक ढेकर द्यायचं आणि भडभड सुरू व्हायचं. माय चुलीत फुंकर मारता मारता म्हणायची, "उठली माही सवत." मशीनला ती सवतच म्हणायची. बाबा काम संपल्यावर मशीनच्या एकेका नटावरचं गवत काडीने काढायचे, आपल्या जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसायचे, वर पोत्याचं पांघरूण घालायचे. माय पाहत राहायची आणि मला ऐकू येईल इतक्याच आवाजात बोलायची, "मले ताप आला तवा चादर नाई टाकली कोणी." तरी संध्याकाळी कढी-गोळे केले की बाबांच्या वाटीत दोन गोळे जास्त असायचे. सवतीने दिवसभर हादरवून काढलेला माणूस, त्याला खाऊ घालणं भाग होतं.

मी तेव्हा चौदाची असेन. चौथी झाल्यावर शाळा सुटली होती. शाळा सुटल्याचं मला दुःख झालं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण मला झालं नव्हतं. मास्तर झोपायचे आणि पोरी उवा मारायच्या. त्यापेक्षा मशीनच्या शेडमध्ये बसून बाबा काय खोलतात ते पाहण्यात जास्त मजा होती.

त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत राहिला. नवरात्रात गवत गुडघ्याला लागत होतं आणि बाबा दिवसभर मशीनवर. खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा. गावी होतो तेव्हा नांगर, वखर, कुऱ्हाड, विळे; इथे विळा, खुरपी, पाना आणि मशीन. मशीनचा रंग पावसाने उडाला होता, जागोजागी गंजाचे पोपडे. क्लबाचे बाक रंगवून उरलेला अर्धा डबा लाल ऑइलपेंट साहेबांनी बाबांना देऊन टाकला होता. बाबांनी ठरवलं, पूजेला मशीन नव्या नवरीसारखं दिसलं पाहिजे. बॅटरी काढून सावलीत ठेवली. मला घासायचा खरखरीत कागद, रेजमाल दिला. मी दोन दिवस गंज घासला. मग रंग. बाबा खोलायचे, मी रंगवायची. बॅटरीपासून निघालेली जाड काळी तार मशीनच्या सांगाड्याला एका बोल्टाने आवळलेली होती. तीही बाबांनी खोलली.

"ते कायले खोलता?" मी विचारलं. "बाजूबाजूनं लावतो ना मी."

"काम कराचं तं पोटातून कराचं," बाबा म्हणाले. "तारेखाली कोरडं राहिलं तं तठूनच जंग धरन."

म्हणून मी तारेखालीही रंग लावला. बोल्टाच्या भोकातसुद्धा काडीने भरला. एक हात दिला, वाळला, त्यावर दुसरा हात. पोटातून. मग बाबांनी तार परत बसवून बोल्ट आवळला, बॅटरी जोडली आणि आम्ही दोघं मागे सरून पाहत राहिलो. मशीन असं चमकत होतं की मायनेसुद्धा पदर तोंडाला लावला. तिने समोर हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. "सवतीची पूजा करणारी आख्ख्या नागपुरात मीच असन," म्हणाली. दुसऱ्या दिवशी दसरा. पुरणपोळ्या झाल्या, सोनं वाटून झालं, मशीनला सुट्टी होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले ती आवाज नाही म्हणून. शेडमध्ये गेले तर बाबा बैठकीवर बसून किल्ली फिरवत होते. कुंई नाही, ढेकर नाही. साधी टक नाही. बाबांनी बॅटरीत पाणी पाहिलं, टर्मिनल घासले, पेट्रोल पाहिलं, हार काढला, परत घातला. शेवटी मायला बोलावलं. माय म्हणाली, "नजर लागली. मी सांगतलं होतं, इतकी नटवू नोका." तिने मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मशीनवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. नजर लागली असेल तर मिरच्यांचा ठसका येत नाही असं म्हणतात. मी चुलीजवळच होते, मला खोकून खोकून उलटी यायची वेळ आली. माय म्हणाली, "पाहा, ठसका आला का? नाई आला."

"अवं माय, मी मरून राहिली ना अठी!"

"तू गप बस. तुले आधीच सर्दी होती."

दुपारी बाबा साहेबांकडे जाऊन आले. जेवायला बसले तेव्हा अंबाडीची भाजी होती, बाबांच्या आवडीची. त्यांनी घास घेतला नाही. सांगितलं ते असं: रविवारी मोठा सामना आहे, बाहेरगावचे लोक येणार आहेत. एक ठेकेदार आहे, माणसं त्याची, यंत्रं त्याची, वर्षभराचं काम घ्यायला तयार. शुक्रवारी तो मैदान पाहायला येणार. तोवर मशीन चालू झालं तर ठीक, नाहीतर मशीन भंगारात. "अन् मंग शामराव, खोलीचंही पाहा लागन, असं म्हणाले साहेब." मायच्या हातातली भाकरी तव्यावर जळली. ती जळाल्याचा वास आला तरी तिने उलटली नाही. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तिने कोपऱ्यातली पोती झटकून ठेवली होती आणि डबे पुसून एकात एक घातले होते. गाव सोडून आलो तेव्हाही तिने अशीच बांधाबांध केली होती, म्हणून मला भीती वाटली.

बाबांनी नागपूरबाहेरच्या वाडीहून देवाजी मिस्त्रीला आणलं. वाडीला ट्रकांचे अड्डे, आणि देवाजी मिस्त्री ट्रकांची वायरिंग करायचा. पोट असं की सायकलवर आला तेव्हा आधी पोट आलं, मग तो आला. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. त्याने पेटीतून एक वस्तू काढली ती मी तोवर पाहिली नव्हती: होल्डरमध्ये एक बारका दिवा, त्याला दोन वायरी. एका वायरीला चिमटा, दुसरीला टोकदार सळई. बत्ती म्हणायचा तो तिला.

मी विचारलं, "यानं काय होते मिस्त्रीदादा?"

त्याला विचारलेलं आवडलं. एरवी ट्रकवाले त्याला फक्त किती वेळ लागेल एवढंच विचारत असतील. खर्रा गालात सरकवून म्हणाला, "पाह्य पोरी. करंट म्हंजे कसा, बैल. गोठ्यातून निंघाला, काम केलं, गोठ्यात वापस आला. गोठा कोनता? बॅटरी. जाते तो या लाल तारेनं. वापस येते लोखंडातून. आख्खं मशीन त्याचा रस्ता. लोखंडातून या काळ्या तारेत, अन् तारेतून घरी. रस्त्यात कोठी अडला तं काम बंद. ही बत्ती सांगते कोठवर आला होता."

मग तो बत्तीचा चिमटा सांगाड्याला लावायला गेला. नवा कोरा रंग. चिमट्याचे दात धरेनात. त्याने पेचकस काढला, जरा खरवडायला. बाबा मध्ये आले. "मिस्त्री, ओरखडा नोका पाडू गा. दोन हात देले पोरीनं."

"रंग तं मस्त देला," मिस्त्री म्हणाला. पेचकस परत ठेवला आणि चिमटा सरळ बॅटरीच्या काळ्या टर्मिनलला लावला. मग सळई एकेका ठिकाणी टेकवत गेला. लाल टर्मिनलवर, दिवा लख्ख. किल्लीच्या मागे, लख्ख. क्लचच्या पेडलखाली एक बटण होतं. गिअरमध्ये असताना चुकून मशीन सुरू होऊ नये म्हणून विलायती लोकांनी ठेवलेलं, क्लच दाबल्याशिवाय किल्ली लागायची नाही. मिस्त्रीला त्याचा संशय आला. त्याने बटणाच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टाकल्या. तरी काही नाही. गिअरचा दांडा हलवला, पात्याचा दांडा हलवला, आणि होते तसेच सोडले. शेवटी बाबांना किल्ली फिरवायला लावून सळई सेल्फच्या तारेवर टेकवली. तिथेही लख्ख.

"करंट सेल्फपर्यंत येऊन राहिला. सेल्फ घेत नाई. म्हंजे सेल्फ गेला," मिस्त्री म्हणाला. "विलायती माल आहे शामराव. कलकत्त्याले लिहा लागन. दोन महिने समजा."

"आज बेस्तवार आहे, उद्या तं ठेकेदार येते," बाबा म्हणाले.

"मंग काय करू बावा, मी सेल्फ बनवू का घरी?" पण त्यालाही वाईट वाटलं असावं. शनिवारी ओढून काढायचं अवजार, पुलर, आणून सेल्फ खोलून पाहतो म्हणाला, पेटी आणि बत्ती शेडमध्येच ठेवून गेला.

शुक्रवारी सकाळी बाबा आणि दुसरे दोन माळी विळे घेऊन मैदानात बसले. तेवढं मैदान विळ्याने कापायला रविवार नाही, पुढची होळी लागली असती. पण हात रिकामे ठेवून बसवत नाही माणसाला. माय जोंधळे पाखडत होती. मी शेडमध्ये गेले आणि बत्ती हातात घेतली. कशासाठी? काही ठरवून नाही. दिवा लावायची हौस. पुढे आयुष्यभर लोक सांगत आले की गिरजाबाई लहानपणापासून हुशार. माझा नातू तर पाहुण्यांनाही सांगतो. त्याला मी सांगून थकले की बाबा रे, वायर आखूड होती.

तर वायर आखूड होती. सळई मी लाल टर्मिनलवर टेकवली आणि चिमटा काळ्या टर्मिनलला लावायला गेले, पण एका हाताने दिवा धरलेला, मध्ये हार लटकलेला, चिमटा पोचेना. वाटलं, आख्खं मशीन त्याचा रस्ता आहे ना, मग कुठेही लावू. सायलेन्सर तापतो म्हणून आम्ही रंगवला नव्हता, तो कोराच होता. चिमटा सायलेन्सरला लावला. दिवा लागला नाही. म्हणजे लागला, पण काजवा बरा. मी हार काढून फेकला, वळसा घालून चिमटा काळ्या टर्मिनलवर नेला. लख्ख. परत सायलेन्सर. काजवा. परत टर्मिनल. लख्ख.

मी चौथी शिकलेली बाई, मला वीज कळत नाही. बैल कळतो. गोठ्याच्या दारात उभा केला तर बैल आहे, आणि रस्त्यावरून बोलावला तर येत नाही. म्हणजे रस्ता आणि गोठा यांच्या मध्ये कोणीतरी काटे टाकले. मध्ये काय आहे? ती जाड काळी तार. मी तारेवरून बोट फिरवत खाली गेले, बोल्टापाशी पोचले, आणि तारेच्या कडेखालून लाल रंग डोकावत होता. चिमटा सायलेन्सरला लावून मी तार हलवली. दिवा फडफडला. सोडली, विझला.

काटे मीच टाकले होते, काडीने, भोकात भरून, दोन हात.

त्या बोल्टाला बाबांचा कोणता पाना बसतो ते मला माहीत होतं. बोल्ट काढला. तार उचलली तर खाली रंग असा गुळगुळीत, एक थेंब ओघळलेला नाही. इतकं चांगलं काम मी पुढे कधी केलं नाही. खुरपीच्या टोकाने तो सगळा खरवडला, रेजमाल मारला, बोल्टाचे आटे घासले. खाली पांढरं लोखंड दिसलं तेव्हा थांबले. तार बसवून पाना दोन्ही हातांनी आवळला. चिमटा सायलेन्सरला, सळई लाल टर्मिनलला. डोळे दिपले.

आता इथे शहाण्या पोरीने बाबांना हाक मारली असती. मी बैठकीवर चढले. परकर दोन पायांमध्ये खोचला आणि किल्ली फिरवली.

मशीन गिअरमध्ये होतं. क्लचचं बटण मिस्त्रीने जोडून ठेवलेलं होतं. त्यामुळे कुंई आणि ढेकर एकदमच झालं आणि मशीन मला घेऊन शेडबाहेर पडलं. पात्याचा दांडाही खालीच होता, म्हणजे मी नुसती पळत नव्हते, गवत कापत पळत होते. पाय क्लचपर्यंत पुरत नव्हते. सुकाणू तेवढं हातात होतं आणि ते मी जिकडे माणूस नसेल तिकडे फिरवत होते. दोन्ही माळी विळे टाकून दोन दिशांना पळाले. बाबा पळाले नाहीत. ते उभे राहून पाहत होते, कारण त्यांना आधी कळेचना की आनंद करायचा की रडायचं. मग ते मागून धावायला लागले.

"गिरजे! थांबव वं!"

"थांबून नाई राहिलं!"

समोर क्लबाचा व्हरांडा. तिथे सेक्रेटरी साहेब, आणखी दोन साहेब आणि सफारी घातलेला तो ठेकेदार चहाला जमले होते. ठेकेदार मात्र कप तसाच ठेवून नुकताच मैदानात उतरून पावलांनी लांबी-रुंदी मोजायला लागला होता. मशीन त्याच्याकडे निघालं. मी नेलं नाही, शपथ घेते. तो आधी डावीकडे गेला, मीही त्याला वाचवायला डावीकडे वळवलं. तो उजवीकडे गेला, मीही. चांगला माणूस, पण एका जागी उभा राहत नव्हता. शेवटी तो बाकावर चढला, मी बाकाच्या बाजूने गेले आणि मोठा वळसा घेऊन परत मैदानात. बाबा आता बाजूने धावत होते, धोतर एका हातात.

"किल्ली! किल्ली फिरव! उलटी!"

किल्लीने सुरू झालं तर किल्लीनेच बंद होईल, हे मला सुचलं नव्हतं. फिरवली. मशीन दोन उचक्या देऊन थांबलं. एकदम शांत झालं. दूर कुठेतरी मायच्या चपलांचा आवाज येत होता. ती हातात सूप घेऊनच आली, जोंधळे सांडत.

साहेब व्हरांड्यातून उतरले. उंच माणूस, कोणाशी आवाज चढवून बोलायचा नाही, त्यामुळे जास्त भीती वाटायची. माझ्यासमोर येऊन म्हणाले, "तुला चालवायला कोणी शिकवलं?"

"कोणीच नाई. मी चालवतच नव्हती. बसली होती."

मागच्या दोन साहेबांपैकी एक हसला. सेक्रेटरी साहेब हसले नाहीत. "दुरुस्त कोणी केलं? वाडीच्या मिस्त्रीने?"

आता सांगते त्या क्षणी मी काय काय पाहिलं. बाबा हो म्हणायला तोंड उघडत होते. मिस्त्रीने केलं म्हटलं की सगळं सोपं होतं. माय मागून माझ्या दंडाला चिमटा घेत होती, म्हणजे गप. पण साहेबांनी मला विचारलं होतं, आणि मला खोटं बोलायचं तर आधी तयारी लागते. आजही लागते.

"मी केलं," मी म्हटलं. "बिघडवलंही आम्हीच होतं. काळ्या तारेखाली रंग लावला होता. करंट वापस येत नव्हता."

चिमटा आणखी जोरात बसला. बाबांनी धोतर खाली सोडलं, टोपी काढली. "तार मीच खोलून देली होती साहेब," म्हणाले. "पोरीनं विचारलंही होतं, कायले खोलता म्हणून. मीच म्हटलं पोटातून रंगव."

ठेकेदार बाकावरून उतरला होता. सफारीवरचं गवत झटकत म्हणाला, "बघा साहेब. मशीनला रंग फासतात, पोरीबाळी वर बसवतात. यांच्या हाती ठेवलं तर उद्या एखादा मेंबर कापून काढतील."

साहेब मैदानाकडे पाहत राहिले. शेडपासून व्हरांड्यापर्यंत आणि तिथून परत, उंच गवतातून एक कापलेला पट्टा गेला होता, नागासारखा, मध्ये ठेकेदाराच्या नावाची दोन वळणं. मायच्या सुपातला एक एक दाणा खाली पडताना मला ऐकू येत होता.

"शामराव," साहेब म्हणाले, "हा पट्टा फार वाकडा आहे."

"हो साहेब."

"रविवारी सामना आहे. सरळ करा." आणि ठेकेदाराला म्हणाले, "तुमचा चहा थंड होतोय, तो घ्या आणि निघा."

ते व्हरांड्यात गेले. माय माझ्या कानाशी कुजबुजली, "काय म्हणाले वं ते? जाचं का राहाचं?" मलाही नीट कळलं नव्हतं. बाबांना कळलं असावं, कारण त्यांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली, पुन्हा घातली, आणि मग मला हाताला धरून बैठकीवरून खाली उतरवलं. स्वतः वर चढले. किल्लीला हात लावला आणि थांबले. एवढ्या वर्षांचा मशीनवाला, रोज सकाळी मला न विचारता सुरू करायचा.

"लावू?" त्यांनी मला विचारलं.

"आधी गिअर काढा," मी म्हटलं. "मंग लावा."

त्यांनी गिअर काढला.